लसीकरणाची टक्केवारी कशी मोजतात? त्यात आपले बाळ कुठे?

‘तालुक्यात ९५ टक्के लसीकरण’ अशी बातमी वाचलीत, तर आधी आपल्या बाळाचे कार्ड उघडून पाहा. हा आकडा गावाचा असतो, तुमच्या बाळाचा नव्हे.

पूर्ण लसीकरण म्हणजे काय?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १२ ते २३ महिन्यांची मुले मोजतात. बीसीजी, पोलिओचे ३ डोस, पेंटाव्हॅलंट किंवा त्रिगुणीचे ३ डोस आणि गोवरचा १ डोस झाला असेल, तर मूल ‘पूर्ण लसीकृत’ धरतात. २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात हे प्रमाण ७३.५ टक्के होते. १६ ते २४ महिन्यांत द्यायचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर यात येत नाहीत. म्हणजे ‘पूर्ण’ झाले तरी लसी संपलेल्या नसतात.

आकडा कुठे फसवतो?
आरोग्य खाते दिलेल्या डोसांना बालकांच्या अंदाजे संख्येने भागते. पण मुले एका जागी नसतात. लेक बाळंतपणाला माहेरी येते. पहिले डोस कराडला आणि पुढचे मुंबईला होतात. गाळप हंगामात बीडकडून ऊसतोड टोळ्या सातारा-सांगलीत येतात. कोपीवरचे मूल गावाकडच्या यादीत असते, पण तिथे नसते. इथे असते, पण यादीत नसते. सरासरी चांगली दिसते आणि गोवर नेमका अशा वस्तीत शिरतो. तो रोखायला प्रत्येक वस्तीत सुमारे ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात.

गळती म्हणजे काय?
पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस १०० बाळांनी घेतला आणि तिसरा ८५ जणांनी, तर गळती १५ टक्के. ती १० टक्क्यांहून जास्त असणे काळजीचे. लसीनंतर हलका ताप येऊ शकतो. त्यापायी पुढचा डोस टाळू नका.

तुम्ही काय करावे?
- माता व बाल संरक्षण कार्ड जपा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. कार्ड नसेल तर सर्वेक्षणात आईच्या आठवणीवर भिस्त राहते.
- मुक्काम बदलला की तिथल्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला बाळाची नोंद करायला सांगा. सरकारी केंद्रात लस मोफत मिळते, गाव कुठलेही असो.
- डोस चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेले डोस कसे द्यायचे ते उपकेंद्रात विचारा. गोवर-रुबेलाची राहिलेली लस ५ वर्षांपर्यंत देता येते.