निकालानंतरचा वाद

शिकल्यासवरल्या लोकांत एक मत घट्ट रुजले आहे : मानवी हक्क राखायला राज्यघटना आहे, घटना राखायला सर्वोच्च न्यायालय आहे, नागरिकाने निकालाची वाट पाहावी आणि लागला की गप्प राहावे. या मताचा पाया खोटा नाही. निवडणुकीत बहुमत मोजतात, हक्क मात्र एकट्यादुकट्याचाही असतो. त्याच्यासाठी लोकक्षोभापासून दूर बसलेला न्यायाधीश हवाच. पण म्हणून निकालावर वाद घालू नये, हे कसे सिद्ध होते?

देसाईगंजचे प्रकरण पाहा. 1972 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावी, पोलीस ठाण्यातच, एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती असावी, असा तर्क! रात्री, ठाण्याच्या चार भिंतींत, वर्दीपुढे एकटी मुलगी झटापट करील कशी? उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या अध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या तर्काचीच चिरफाड केली. पाठोपाठ स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. निकाल फिरला नाही, पण 1983 मध्ये संसदेने कायदा बदलला : कोठडीत शरीरसंबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे.

आणीबाणीतही हेच घडले. 1976 मध्ये पाचपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले, एकटे ह. रा. खन्ना विरोधात राहिले. जीविताचा हक्क यापुढे आणीबाणीतही स्थगित होणार नाही, ही तजवीज 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने केली. ती करणारी लोकसभा मतदारांनी 1977 मध्ये निवडून दिली होती. न्यायालयाने आपला निर्णय चुकीचा ठरवला तो 2017 मध्ये.

यावर आक्षेप येईल की लोक म्हणजे झुंडही. महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्यांवर हल्ला करणारेही लोकच होते. खरे आहे. पण सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा 1923 चा बोले ठराव तोवर कागदावरच पडून होता; 1927 मध्ये माणसे तळ्यावर गेली तेव्हा त्याला अर्थ आला. सवर्णांनी दावा लावला आणि न्यायालयाचा पहिला मनाई हुकूम सत्याग्रहींच्या विरोधात गेला. झुंडीने लाठ्या चालवल्या होत्या. आंबेडकरांनी मात्र तो हुकूम पाळला, आणि 1937 मध्ये उच्च न्यायालयाने हक्क मान्य करेपर्यंत दावा लढणे सोडले नाही.