अनुदान थांबलं, भाकरी कुणाची थांबली?

मुंबईच्या खेर सरकारने 1948 च्या सुमारास रयत शिक्षण संस्थेचं अनुदान बंद केलं. संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांनी सरकारवर जाहीर टीका केली होती. ही हकीकत साताऱ्यात अजून अभिमानाने सांगतात: लोकांनी धान्य दिलं, गाडगेबाबांनी बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला, अनुदान पुन्हा सुरू झालं. मी रयतमध्ये उभा जन्म मास्तरकी केली. अभिमान मलाही आहे. पण मधल्या दिवसांत पोरं काय खात होती, हे कुणी सांगत नाही.

माझे वडील खानापूर तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून रयतच्या साताऱ्यातल्या बोर्डिंगात आले होते. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, स्वयंपाक पाळीपाळीने करायची. त्या काळात कोरड्यासात डाळ शोधावी लागे, एवढंच ते बोलायचे. घरून पीठ आणणाऱ्याचं निभावलं. ज्याच्या घरी पीठच नव्हतं, तो गावी परतला आणि गुरांमागे गेला.

भाऊरावांना हात पसरणं नवं नव्हतं. ते वाढले वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकला. 1919 साली कराडजवळ काले इथे त्यांनी संस्था काढली. पुढे बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. 1930 मध्ये त्या गेल्या. म्हणूनच ‘लोकांनी चालवली की संस्था, सरकारचं काय अडलं?’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. एका बाईने मंगळसूत्र मोडलं, म्हणून सरकारची जबाबदारी फिटत नाही. रयत शेतसारा भरत होती. अनुदान हा त्याच पैशाचा परतावा होता, आणि भाऊराव तो हक्काने मागत. भांडण मुंबईतल्या मंत्र्यांचं आणि साताऱ्यातल्या एका करारी म्हाताऱ्याचं. त्यात ज्या पोराला ना मत होतं ना पत, त्याचं ताट रिकामं झालं.

2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढायचा विचार राज्य सरकारने मांडला, तेव्हा मला हेच आठवलं. त्यांची बाजू मी ऐकली आहे: चार पोरांना एक मास्तर परवडत नाही, मोठ्या शाळेत सोबती मिळतात, खेळ मिळतात. त्यात तथ्य आहे. पण पाटण आणि जावळीच्या डोंगरात पट कमी आहे तो वस्तीच दहा-पंधरा घरांची आहे म्हणून. जुलैत तिथे ओढे भरले की शाळेत नेणारी गाडी वस्तीपर्यंत येत नाही. मुलगा चिखल तुडवत जाईल कदाचित. मुलीला घरीच ठेवतात, धाकट्या भावंडाला सांभाळायला. शाळेत मिळणारं दुपारचं जेवणही तिचं बुडतं.

पट वीसच्या आत असला तरी तिचा बाप काडेपेटीपासून डिझेलपर्यंत सगळ्यावर कर भरतोच.