खिशातली डायरी कुठे गेली?

आमच्या पिढीला (म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पब्लिकला) पाम पायलट माहीत असलाच तर जुन्या इंग्रजी सिनेमातून. त्याची सद्दी होती तेव्हा आम्ही पाटीवर 'अ आ इ' गिरवत होतो. तरी गेले दोन विकांत मी त्याच्याच मागे आहे. कारण एक साधा प्रश्न. २००५ नंतर काही हौशी मंडळींनी पाम बाजूला ठेवून नोकियाचा इंटरनेट टॅब्लेट खिशात घातला, तेव्हा नक्की काय बदललं? नुसतं यंत्र बदललं, असं मला तरी वाटत नाही.

आधी पामबद्दल. जेफ हॉकिन्सने १९९२ मध्ये पाम कॉम्प्युटिंग काढली. त्यांचं पहिलं यंत्र, 'झूमर', साफ आपटलं. ॲपलच्या न्यूटनची १९९३ मध्ये हस्ताक्षर ओळखण्यावरून यथेच्छ टर उडाली. मग हॉकिन्सने एक भारी गोष्ट केली. शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापला आणि तो घेऊन फिरायला लागला. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि काडीने त्यावर लिहिल्याचं नाटक करायचं. आपली स्पर्धा कॉम्प्युटरशी नाही, कागदाच्या डायरीशी आहे, हे त्याने ओळखलं होतं.

१९९६ मध्ये आलेल्या पायलट १००० ची आकडेवारी आज वाचली तर हसू येतं. १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ केबी मेमरी, १६० बाय १६० चा काळा-करडा स्क्रीन आणि दोन पेन्सिल सेलहून बारीक बॅटऱ्या, ज्या आठवडेच्या आठवडे चालायच्या. पण बटण दाबलं की कॅलेंडर त्याच क्षणी समोर! कारण 'लोड' करायला काही नव्हतंच. फाइल सिस्टीमची भानगड नाही, सगळ्या नोंदी थेट मेमरीतच बसलेल्या. हस्ताक्षराचंही तसंच. यंत्राने माणसाचं अक्षर ओळखण्यापेक्षा माणसालाच 'ग्राफिटी' नावाची सोपी लिपी शिकवली. एका अक्षराला साधारण एकच रेघ. 'ए'ला तर मधली आडवी दांडीसुद्धा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हॉटसिंक. यंत्र स्टँडवर ठेवा, एक बटण दाबा, घरच्या कॉम्प्युटरवर पूर्ण नक्कल तयार. बॅटरी पार संपली तर पायलटची मेमरी कोरी व्हायची, म्हणून ही नक्कल गरजेचीच होती. पण त्यामुळे तुमच्या दिवसाच्या दोन प्रती असायच्या, एक खिशात आणि एक टेबलावर. दोन्ही तुमच्याच ताब्यात.

आता नोकिया ७७०. मे २००५ मध्ये घोषणा, त्याच वर्षाच्या शेवटी बाजारात. ८०० बाय ४८० चा रंगीत स्क्रीन, म्हणजे पायलटच्या बरोब्बर पंधरापट पिक्सेल. वाय-फाय, ब्लूटूथ, ऑपेरा ब्राउझर आणि आत डेबियन लिनक्सवर बेतलेली 'मेमो' प्रणाली. आपल्यासारख्या लिनक्सवेड्यांची दिवाळीच! मात्र दोन गोष्टी त्यात नव्हत्या. पहिली, फोन. दुसरी, चक्क कॅलेंडर.

पामवरून आलेल्या माणसाला पहिला दणका इथेच बसायचा. नोकियाचा हिशोब असा असावा, की भेटीगाठी लिहायला गिऱ्हाइकाच्या खिशात फोन आहेच, टॅब्लेट फक्त इंटरनेटसाठी. मग मुक्त सॉफ्टवेअरवाल्या स्वयंसेवकांनी 'जीपीई' नावाचं कॅलेंडर त्यावर आणलं. २००७ मध्ये तर नोकियाच्या पुढच्या टॅब्लेटांसाठी 'गार्नेट व्हीएम' आलं, ज्यात जुने पामचे प्रोग्राम जसेच्या तसे चालायचे. म्हणजे नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये वाड्यातली ओसरी उभारण्यातला प्रकार.

पण खरं उत्तर तिसरीकडूनच आलं. एप्रिल २००६ मध्ये गुगल कॅलेंडर सुरू झालं. आता यंत्रात कॅलेंडर असण्याची गरजच उरली नाही, ब्राउझर असला की पुरे. डायरी सर्व्हरवर आणि हातातलं यंत्र म्हणजे तिच्याकडे बघायची खिडकी. माझ्या मते खरा बदल हाच. पाम हरवला तर डायरीची एक प्रत हरवायची. टॅब्लेट हरवला तर फक्त खिडकी हरवते. टीममधल्या सगळ्यांना एकच वेळापत्रक दिसणं, बायकोने टाकलेली डॉक्टरची अपॉइंटमेंट आपल्याला हापिसात दिसणं, हे पायलटच्या स्टँडला कधी जमलंच नसतं. ही सोय मी अजिबात कमी लेखत नाही.

मात्र डायरीचा ताबा आता यंत्राकडून खात्याकडे गेला. मी मागची नोकरी सोडली, त्या दिवशी संध्याकाळी सहाला लॉगिन बंद झालं आणि साडेतीन वर्षांचं कॅलेंडर त्याबरोबर गेलं. कोणत्या दिवशी कोणाला भेटलो, कुठलं रिलीज कोणत्या रात्री केलं, सगळं गायब. कंपनीच्या नियमात ते बसतं, वाद नाही. पण कागदाची डायरी मी बॅगेतून घरी नेली असती ना!

पुढे दोन्ही घराणी संपली. पाम २०१० मध्ये एचपीने १.२ अब्ज डॉलरला घेतली आणि पुढच्याच वर्षी त्या यंत्रांचं दुकान बंद केलं. नोकियाने २००९ मध्ये एन९०० मध्ये एकदाचा फोन घातला, पण २०११ मध्ये विंडोज फोनचा रस्ता धरला. गंमत अशी, की पामच्या नोंदी आजही वाचता येतात. लोकांच्या कॉम्प्युटरवर नकला होत्या, फाइलची रचना माहीत होती आणि पामचे एम्युलेटर तर आता ब्राउझरमध्येही चालतात. कंपनी गेली तरी डायऱ्या राहिल्या.

सर्व्हर सोडा, पुन्हा पाम घ्या, असं मी म्हणत नाहीये (मलाही ते झेपणार नाही). पण कॅलेंडरच्या देवाणघेवाणीचं 'आयकॅलेंडर' हे खुलं मानक १९९८ पासून आहे आणि गुगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये 'एक्सपोर्ट'ही आहे. निदान आपल्या खाजगी खात्यावरून महिन्यातून एकदा तेवढी फाइल उतरवून घरच्या डिस्कवर ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. हॉटसिंकचं बटण आता कुणी देत नाही, ते आपणच दाबायचं.