वायकिंगच्या मैदानावरचा नाच

एप्रिलमध्ये शिलाँगच्या वायकिंग मैदानावर खासी लोकांचा ‘शाद सुक मिन्सिएम’ हा नाचाचा मेळा भरतो. तिथे मी मुलींच्या पायांकडेच बघत राहिले. अनवाणी पावलं जमीन जवळजवळ सोडतच नाहीत, नुसती सरकतात. नजर खाली, डोक्यावर मुकुट, गळ्यात पोवळ्यांची ठसठशीत माळ. नाचणाऱ्या साऱ्या अविवाहित. भोवतीनं तलवार आणि चवरी घेतलेले पुरुष फिरतात, ते राखणीसाठी. सनईसारखी तांगमुरी आणि ढोल चालूच. झालेल्या पिकाबद्दल देवाचे आभार आणि नव्या पेरणीसाठी आशीर्वाद, असं हे मागणं.

हा मेळा फार जुना नाही, नाचाची परंपरा मात्र जुनी. १८४१ मध्ये वेल्श मिशनरी थॉमस जोन्स सोहऱ्याला, म्हणजे चेरापुंजीला, आले. त्यांनी खासी भाषा रोमन लिपीत आणली. पुढे मिशनच्या शाळा वाढल्या, तसा खासींचा जुना धर्म मागे पडू लागला. तेव्हा २३ नोव्हेंबर १८९९ ला सोळा तरुणांनी ‘सेंग खासी’ ही संघटना स्थापन केली आणि १९११ मध्ये हा नाच सर्वांसमोर आणला. मला या तरुणांचं फार मोल वाटतं.

एप्रिलमध्ये मेघालयात जाणार असाल, तर एक दिवस वायकिंगसाठी नक्की राखून ठेवा.