कान्हेरीतले चर्च आणि आपले धर्मांतर

दरवर्षी ६ डिसेंबरला नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडची माणसे चैत्यभूमीला जातात. रांगेत उभी राहतात, पुस्तके घेतात आणि परतीच्या गाडीत बसतात. त्यातल्या तरुण कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. एक दिवस जास्त काढा. दादरहून लोकलने बोरिवलीला जा आणि कान्हेरी व मंडपेश्वर ही दोन लेणी बघून या. या दोन्ही ठिकाणी एकेकाळी पोर्तुगीज मिशनऱ्यांनी चर्च थाटले होते. परकीयांनी येऊन आमची लेणी बाटवली, असे त्याबद्दल मोबाईलवर फिरत असते. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे.

आधी काय घडले ते पाहू. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि आसपासची बेटे पोर्तुगीजांना दिली. आजची मुंबईची उपनगरे ज्या साष्टी बेटावर आहेत, तेही त्यात होते. फौजेमागोमाग फ्रान्सिस्कन पंथाचे मिशनरी आले. आंतोनियो दो पोर्तो हा त्यांचा पुढारी. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहाला, म्हणजे लेणे क्रमांक ३ ला, त्यांनी सेंट मायकेलचे चर्च केले. मंडपेश्वरच्या लेण्यातही चर्च केले, तिथे मठ आणि मुलांची शाळा उभारली. त्यासाठी पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याचा आश्रय होता. पुढे १५८० ते १६४० पर्यंत पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता. अमेरिका खंडात ज्या राजाच्या छत्राखाली स्पॅनिश मिशने उभी राहत होती, त्याचेच छत्र साष्टीवरही होते. रीतही तीच. आधी तलवार, मग सनद, मग धर्म.

मंडपेश्वरला भिंतीत कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. मात्र हे लेणे शैव आहे, आत नटराजाचे शिल्प आहे. त्याला बुद्धलेणे म्हणून मिरवू नका. खोट्या दाव्याने आपलाच खरा दावा कमजोर होतो.

आता उरलेले अर्धे. मिशनरी आले तेव्हा कान्हेरीत भिक्खू होते का? नव्हते. पोर्तुगीज नोंदींनुसार तिथे जोगी राहत होते. चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी, गृहस्थ, भिक्खुणी यांनी इथे दाने दिली. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातही इथल्या संघाला दान मिळत होते, तसे शिलालेख आहेत. १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली. त्यानंतरच्या पाचशे वर्षांत संघ इथून नाहीसा झाला. तो कसा नाहीसा झाला, हा प्रश्न पोर्तुगीजांच्या आधीचा आहे. तो विचारू नये म्हणूनच पोर्तुगीजांचे नाव मोठ्याने घेतले जाते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पाच्या फौजेने वसई जिंकली, साष्टीतले पोर्तुगीज राज्य संपले. पण कान्हेरीत काही संघ परत आला नाही.

या इतिहासात एक विलक्षण नोंद आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कुतो याने कान्हेरीबद्दल तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारले. म्हातारा म्हणाला, संत जोसाफातच्या बापाने मुलाला जगापासून दूर ठेवण्यासाठी हे बांधले. जोसाफात हा ख्रिस्ती संतांच्या यादीतला राजपुत्र. दुःख, म्हातारपण आणि मरण पाहून त्याने राज्य सोडले, अशी त्याची कथा. ही कथा सिद्धार्थाचीच आहे. पूर्वेकडून अरबी, जॉर्जियन, ग्रीक भाषांतून ती युरोपात गेली आणि वाटेत ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे ‘जोसाफात’ झाले. बुद्धाच्या चैत्यात क्रूस लावणाऱ्यांच्या संतांमध्ये बुद्ध आधीच जाऊन बसला होता!

पण आपल्यासाठी खरा धडा दुसराच आहे. या मिशनांनी हजारो माणसांचा धर्म बदलला, जात मात्र राहिली. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडी, सुदीर हे भेद टिकले. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी अशी ओळख धर्मांतरानंतरही चालत आली. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर लिहिताना नेमके यावर बोट ठेवले आहे. ते लेखन त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहे, जरूर वाचा. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चंद्रपुरात दीक्षा देताना त्यांनी त्रिशरण-पंचशीलावर काम भागवले नाही. बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात समतेची प्रतिज्ञा दिली. पाठीशी राजा नव्हता, सनद नव्हती, फौज नव्हती. लोक आपल्या पायांनी आले.

मग आपल्याकडे बघा. सोयरीक जुळवताना पोटजात विचारणारी घरे आपल्या तालुक्यात आजही आहेत. भिंतीवर बुद्धाचा फोटो, ओठांवर जय भीम आणि मुलीच्या लग्नात पोटजातीची चौकशी. हे चैत्यात क्रूस लावण्यापेक्षा वेगळे कसे? तिथेही वरची खूण बदलली, आतली जात तशीच राहिली.

कान्हेरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. सोमवारी बंद असते, त्या दिवशी जाऊ नका. प्रवेशद्वारापासून लेणी काही किलोमीटर आत आहेत, सकाळी लवकर निघा. चैत्यगृहाच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना उंचच उंच बुद्धमूर्ती आहेत. तिथे वंदना घ्या आणि समतेची प्रतिज्ञा मोठ्याने म्हणा. गावी परत आल्यावर पुढच्या सोयरिकीच्या बैठकीत पोटजातीचा विषय निघाला, तर तीच प्रतिज्ञा तिथेही तितक्याच मोठ्याने म्हणा.

जय भीम. नमो बुद्धाय.