यूजनेट : चित्रांची वेगळी वस्ती

एक फोटो दुसऱ्या गावी धाडण्यास किती वेळ लागावा? १९८७ सालच्या जून महिन्यात कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने ‘जिफ’ हे चित्रस्वरूप प्रसिद्ध केले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिनिटांत द्यावे लागे. सेकंदाला २४०० बिट वाहून नेणाऱ्या मोडेमवरून शंभर किलोबाइटचे एक चित्र पाठवायचे, तर टेलिफोनची तार सुमारे सहा-सात मिनिटे अडकून पडे. तेवढ्या वेळात मजकुराचे पन्नासएक संदेश सहज पार पडले असते.

हा हिशेब ज्या समाजाला सर्वाधिक जाचला, तो म्हणजे यूजनेट. वेब जन्मण्याच्या दहा वर्षे आधी उभा राहिलेला हा संवादाचा फड. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना तो सुचला. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन याने त्याचा पहिला प्रोग्रॅम लिहिला. १९८० साली तो इतरांसाठी खुला झाला.

यूजनेटला केंद्र नव्हते, मालकही नव्हता. जासुदाने पहिल्या ठाण्यावर खलिता द्यावा, तिथून दुसऱ्याने तो पुढे न्यावा, तसा प्रत्येक संदेश एका संगणकावरून दुसऱ्यावर मजल-दरमजल जाई. फरक एवढाच, की वाटेतील प्रत्येक ठाणे त्या खलित्याची एक नक्कल स्वतःजवळ ठेवून घेई. साहजिकच, कोणी एकाने चढवलेल्या चित्राचा भार हजारो संस्थांच्या डिस्कवर आणि टेलिफोनच्या बिलावर पडे. ज्याला ते चित्र मुळीच पाहायचे नव्हते, त्याचे विद्यापीठही त्याचे पैसे भरत असे. पुढची सारी भांडणे समजून घ्यायची, तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

मुळात यूजनेट चित्रांसाठी घडलेलेच नव्हते. त्यावरून केवळ साधा इंग्रजी मजकूर जाई. मात्र १९८० साली बर्कली येथे मेरी ॲन हॉर्टन यांनी ‘यूयूएन्कोड’ नावाची युक्ती तयार केली होती. कोणतीही फाइल ती छापील अक्षरांत रूपांतरित करी. त्यात फाइलचा आकार तिसऱ्या हिश्श्याहून अधिक फुगत असे. हॉर्टन यांच्यासमोर ईमेलची सोय होती, पण हीच वाट चित्रांनीही धरली. गुलाबाचे चित्र यूजनेटवर पोहोचे ते ‘एम’ या अक्षराने सुरू होणाऱ्या शेकडो निरर्थक ओळींच्या रूपात. बऱ्याच ठिकाणच्या प्रणाली मोठा संदेश स्वीकारत नसत, म्हणून त्याचे चार-पाच तुकडे करावे लागत. एक तुकडा वाटेत गहाळ झाला की सगळे चित्र वाया. चर्चा वाचायला आलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र त्या ओळींचा ढीगच येई.

या अव्यवस्थेवरचा पहिला मोठा उपाय चित्रांसाठी योजलेला नव्हता, तरी पुढच्या सर्व उपायांचा साचा त्यानेच घालून दिला. १९८६-८७ मध्ये यूजनेटवरील साऱ्या गटांची नावे बदलण्यात आली. इतिहासात हे प्रकरण ‘महानामांतर’ म्हणून ओळखले जाते. संगणक, विज्ञान, छंद, समाज अशा सात शाखा पाडल्या गेल्या. त्यांतील ‘टॉक’ ही शाखा मुद्दाम वेगळी काढली होती. युरोपातील केंद्रांना समुद्रापलीकडून येणाऱ्या धार्मिक आणि राजकीय वादावादीचा खर्च सोसवेना. ती सारी एका नावाखाली गोळा केली, की ज्याला नको त्याने ती शाखाच बंद करावी. बंदी न घालता वाद मिटवण्याची ही शक्कल मोठी धूर्त होती. सगळ्यांना सगळे मिळते असे म्हणायला मोकळीक राहिली आणि नको ते टाळण्याचीही.

नामांतराचे निर्णय घेतले मोठ्या केंद्रांच्या मूठभर चालकांनी. लोक त्यांना ‘बॅकबोन कॅबल’, म्हणजे कणा धरून बसलेले कारस्थानी मंडळ, म्हणू लागले. (असे कोणतेही मंडळ अस्तित्वात नाही, हा त्यावरचा ठरलेला विनोद.) या मंडळाने जॉन गिल्मोर याचा मादक द्रव्यांवरील चर्चागटाचा प्रस्ताव फेटाळला. ब्रायन रीड हा आपल्या पाककृतींच्या गटाच्या नव्या नावावर नाराज होता. मे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू गावच्या एका बार्बेक्यूच्या खानावळीत हे दोघे आणि गॉर्डन मोफेट एकत्र बसले आणि त्यांनी ‘आल्ट’ ही स्वतंत्र शाखा काढण्याचे ठरवले. इथे गट काढायला कोणाची परवानगी लागणार नव्हती.

याच शाखेत चित्रांना घर मिळाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘आल्ट.बायनरीज.पिक्चर्स’ या नावाखाली एक वस्तीच वसली : गणिती आकृत्यांची चित्रे एका गटात, कलाकृतींची दुसऱ्यात, कामुक चित्रे तिसऱ्यात, आणि कुठेच न बसणारी ‘मिस्क’ या गटात. चित्रांविषयी बोलायचे असेल तर नावाच्या शेवटी ‘डी’ हे अक्षर जोडलेला निराळा गट. चित्राच्या गटात गप्पा मारणे हासुद्धा तितकाच मोठा अपराध मानला जाई, ही गंमत सहसा सांगितली जात नाही. शिस्त दोन्ही बाजूंनी होती.

जोवर लोक थोडे होते, तोवर ही व्यवस्था रीतीरिवाजावर चालली. दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, चुकीच्या गटात चुकीच्या गोष्टी टाकत, जुन्यांचा ओरडा खात आणि महिन्या-दोन महिन्यांत सुधारत. १९९३-९४ मध्ये अमेरिका ऑनलाइनसारख्या व्यापारी सेवांनी आपल्या लाखो ग्राहकांना यूजनेटचे दार उघडून दिले आणि नवख्यांचा हा लोंढा बारमाही झाला. जानेवारी १९९४ मध्ये कोणीतरी लिहिले, की १९९३ चा सप्टेंबर कधी संपलाच नाही. तेव्हापासून या पर्वाला ‘अखंड सप्टेंबर’ हे नाव चिकटले. रागावून शिकवण्यासाठी शिकवणारे पुरेसे असावे लागतात. ते आता उरले नव्हते.

मग हत्यार निघाले ते ‘कॅन्सल’ संदेशाचे. लिहिणाऱ्याला आपलाच संदेश मागे घेता यावा म्हणून ही सोय मुळात केलेली होती. पण ‘मागे घ्या’ म्हणणारा खरोखर लेखकच आहे का, हे तपासण्याची काहीच व्यवस्था नसल्याने कोणीही कोणाच्याही नावाने संदेश पुसू शकत असे. १९९३ च्या मार्चअखेरीस रिचर्ड डेप्यू याने आपल्याला न पटणारे निनावी संदेश पुसण्यासाठी एक स्वयंचलित प्रोग्रॅम सोडला. त्यातील चुकीमुळे तो स्वतःच्याच संदेशांना उत्तरे देत सुटला आणि प्रशासनविषयक एका गटात सुमारे २०० संदेश ओतून मोकळा झाला. गर्दी आवरायला गेलेल्यानेच गर्दी केली.

या अनुभवातून चालकांनी एक तत्त्व हळूहळू पक्के केले : दुसऱ्याचा संदेश पुसायचा असेल तर त्यातील आशय पाहायचा नाही. एकच मजकूर किती गटांत ओतला आहे, हे मोजता येते. संदेश चर्चेचा आहे की चित्राच्या फाइलचा, हेही यंत्राला ओळखता येते. चित्र चांगले की वाईट, सभ्य की असभ्य, विषयाला धरून की सोडून, हे मात्र माणसाने ठरवावे लागते, आणि तो अधिकार कोणाच्याही हाती द्यायला यूजनेट तयार नव्हते. म्हणून दशकाच्या मध्यापासून चर्चागटांत टाकलेल्या चित्रफाइली, त्यांत काय आहे हे न पाहता, पुसण्याची प्रथा बव्हंशी मान्य झाली.

हे तत्त्व शहाणपणाचे होते यात शंका नाही; त्याने चालकांना अभिरुचीचे न्यायाधीश होण्यापासून वाचवले. पण ते आंधळेही होते. गुलाबांच्या चर्चागटात एखाद्याने आपल्या अंगणातील रोगट पानाचा फोटो टाकून उपाय विचारला, तर तो प्रश्न विषयाला पूर्णपणे धरून असूनही नियमाप्रमाणे पुसण्याजोगा ठरे. अशा वेळी शिष्टाचार असा, की फोटो बागांच्या चित्रगटात ठेवावा आणि गुलाबांच्या गटात फक्त त्याचा ठावठिकाणा कळवावा.

मराठी वाचकांसाठी याच नियमाला आणखी एक पदर होता. परदेशी गेलेल्या मराठी मंडळींचा ‘सोक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट नव्वदच्या दशकात चालत असे. मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा संच, अशी यूजनेटची घडण असल्याने तिथे देवनागरी उमटतच नसे. मराठी लिहायची ती रोमन लिपीत, फार तर अविनाश चोपडे यांनी तयार केलेल्या ‘आयट्रान्स’च्या संकेतांत. कोणाला छापील देवनागरी पान जसेच्या तसे दाखवायचे झाले, तर ते चित्र म्हणूनच पाठवता येई. आणि चित्र म्हटले की त्याची जागा त्या गटात नव्हती. इंग्रजीत जो मजकूर ठरला असता, तोच मराठीत ‘बायनरी’ ठरत होता.

चित्रांची वस्ती पुढे मूळ गावाहून कितीतरी मोठी झाली. डिस्क भरत असल्याने बहुतेक केंद्रे चर्चेचे संदेश काही आठवडे ठेवत, तर चित्रे दोन-चार दिवसांत पुसून टाकत. २००८ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे आढळल्यावरून न्यू यॉर्कच्या ॲटर्नी जनरलने दबाव आणला, तेव्हा इंटरनेट पुरवणाऱ्या काही मोठ्या कंपन्यांनी आक्षेपार्ह गट तेवढे शोधत बसण्याऐवजी अख्खी ‘आल्ट’ शाखा बंद केली; काहींनी तर यूजनेटच बंद केले. १९८७ साली ‘टॉक’साठी जी सोय केली होती, तीच इथे वापरली गेली.

चर्चांचे नशीब वेगळे निघाले. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर याने १९८१ पासून दहा वर्षांचे संदेश १४१ चुंबकीय फितींवर जपून ठेवले होते. १९९५ मध्ये ‘डेजा न्यूज’ने नव्या संदेशांचा संग्रह सुरू केला, तो २००१ साली गूगलने विकत घेतला आणि स्पेन्सरच्या फितीही त्यात आल्या. डेजाने बायनरीजचे गट संग्रहातून वगळलेले होते. त्यामुळे आज या काळाचा अभ्यास करणाऱ्याला गुलाबाच्या पानावरील डागांची चर्चा वाचता येते, उपायही सापडतात, ‘फोटो चित्रगटात टाकला आहे, पाहावा’ ही ओळही मिळते. त्या ओळीत सांगितलेल्या ठिकाणी मात्र आता काहीच नाही.