रिफ्लेक्शन (जावा)

प्रोग्राम चालू असतानाच त्यातील क्लास, फील्ड व मेथड यांची माहिती काढण्याची आणि तिच्या आधारे ऑब्जेक्टमधील मूल्ये वाचण्या-बदलण्याची सोय. ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी १९८२ मध्ये एमआयटीला सादर केलेल्या प्रबंधात ही संकल्पना लिस्पच्या संदर्भात पद्धतशीर मांडली. जावात ती १९९७ मध्ये, १.१ या आवृत्तीत आली.

कार्यपद्धती : कंपायलर क्लास फाइलमध्ये बाइटकोडबरोबर फील्डांची नावे, प्रकार आणि ‘प्रायव्हेट’, ‘फायनल’ असे निर्देशही नोंदवतो. रिफ्लेक्शन याच नोंदी वाचते. समजा, ‘खाते’ क्लासमध्ये ‘शिल्लक’ हे प्रायव्हेट पूर्णांकी फील्ड आहे. ‘गेटडिक्लेअर्डफील्ड’ या मेथडला ते नाव स्ट्रिंग म्हणून दिले की त्या फील्डाचे वर्णन करणारा ‘फील्ड’ ऑब्जेक्ट मिळतो. हे वर्णन साऱ्या खात्यांना सामाईक असते. म्हणून ‘गेट’ने मूल्य वाचताना व ‘सेट’ने बदलताना नेमके कोणते खाते, तेही सांगावे लागते. बाहेरच्या क्लासमधून प्रायव्हेट फील्ड हाताळायचे तर आधी ‘सेटॲक्सेसिबल’ने परवानगी घ्यावी लागते. स्ट्रिंगमधील नाव चुकले तर कंपायलरला त्याचा पत्ता लागत नाही. ‘नोसचफील्डएक्सेप्शन’ प्रोग्राम चालताना येते.

उपयोग : जॅक्सन ही लायब्ररी जेसन मजकुरातून ऑब्जेक्ट भरते, हायबरनेट डेटाबेसमधील ओळींचे ऑब्जेक्ट बनवते, तर जेयुनिट चाचणीच्या मेथड हुडकते. वापरणाऱ्यांचे क्लास या साधनांच्या लेखकांनी कधी पाहिलेले नसतात. त्यामुळे रिफ्लेक्शन त्यांच्या फार कामी येते.

धोके व मर्यादा : शिल्लक उणे होऊ नये ही तपासणी सेटर मेथडमध्ये असेल, तर थेट फील्डावर केलेला ‘सेट’ तिला वळसा घालतो आणि खात्यात अशक्य रक्कम बसते. ‘फायनल’ फील्डाला घोषणेतच १०० हे स्थिर मूल्य दिले असल्यास कंपायलर वापराच्या जागी थेट १०० लिहितो. पुढे रिफ्लेक्शनने २०० केले, तर ‘गेट’ २०० सांगतो, पण उरलेला कोड १०० वरच चालतो. ‘स्टॅटिक फायनल’ फील्डे आणि रेकॉर्डमधील फील्डे ‘सेट’ने बदलतच नाहीत. २०१७ च्या जावा ९ मध्ये आपले अंतर्गत भाग बाहेरच्या कोडपासून बंद ठेवू शकणारी मोड्यूल आली आणि २०२१ च्या जावा १६ पासून जेडीके या जावाच्या विकास-संचाचे बहुतेक अंतर्गत भाग अशा प्रवेशाला मूळ मांडणीतच बंद झाले. ज्या क्लासची फील्डे आधी ठाऊक आहेत, तेथे साधी मेथडच वापरावी. तिच्यातील चुका कंपायलर वेळीच पकडतो.